तीन पाकळ्यांचा ठसा

वडिलांची जयपूरला बदली झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या क्वार्टरच्या माळ्यावर आईला एक लोखंडी दांडी सापडली. वीतभर लांब, लाकडी मुठीची, टोकाला नाण्याएवढं तीन पाकळ्यांचं फूल. पाकिटावरच्या लाखेची मोहोर असेल, असं वडील म्हणाले. शेजारणीच्या मते तो मिठाईचा ठसा होता. आईला ते पटलं. तिने चिंच लावून तो लख्ख घासला आणि धाकट्या भावाच्या बारशाला प्रत्येक पेढ्यावर ते फूल उमटवलं.

बाळाला मालिश करायला एक म्हातारी येई. आईने दिलेला पेढा तिने खाल्लाच नाही, नुसती त्यावरून बोट फिरवत राहिली. मग ठसा बघायला मागितला. तिने मूठ धरली, तसा तिचा अंगठा लाकडातल्या झिजलेल्या खळग्यात नेमका बसला.

"हे खाण्याच्या कामाचं नाही, बहूजी," ती तिच्या हिंदीत म्हणाली. "बाळाला धाप लागली की तापवून पोटावर टेकवायचं."

तिने ओढणी बाजूला केली. बेंबीशेजारी तेच फूल होतं, पण तळहाताएवढं. तिच्याबरोबर तेही वाढलं होतं.

तुम्हीही कुणाला डाग दिलेत का, असं आईने विचारलं. तेलाची वाटी जवळ ओढून तिने बाळाला पायांवर घेतलं.

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी दांडी एका पडक्या विहिरीत टाकली. मालिश चालू असेपर्यंत आई आता शेजारून हलत नसे.

महिन्याभराने एका सकाळी भावाला धाप लागली. वडील डॉक्टरांना आणायला धावले. त्या दिवशी म्हातारीची सुट्टी होती, कुणी तिला कळवलंही नव्हतं, तरी ती आली. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि शेगडी फुंकू लागली.

"ते कुठंय?" तिने विचारलं.

"टाकून दिलं," आई म्हणाली. भावाला छातीशी धरून तिने मला बाहेरच्या खोलीत ओढलं आणि आतून कडी लावली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुपारी भावाचा श्वास सरळ झाला, तेव्हा कुठे आम्ही स्वयंपाकघरात गेलो. म्हातारी निघून गेली होती. ती पुन्हा कधीच आली नाही. शेगडीत मात्र नव्याने घातलेले कोळसे धगधगत होते, आणि त्यांत आमचं उलथनं खुपसलेलं होतं, टोकापर्यंत लाल झालेलं. आईने सांडशीने उचलून ते बादलीत सोडलं. बराच वेळ ते चरचरत राहिलं.