जीव कशात अडकलाय?

श्रीधर सरांच्या वर्गाला मी गेले ती प्रमाणपत्रासाठी, हे आधीच कबूल करते. बिरवाडीत माझा दवाखाना. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की दारात मोटारसायकलींची रांग लागते. मला चहा प्यायला वेळ नाही, तिथे अध्यात्माला कुठून असणार? पत्रकावर 'फॅमिली डॉक्टरांसाठी आध्यात्मिक देखभाल' असं वाचलं तेव्हा वाटलं, आता हे आम्हाला टाळ कुटायला बसवणार.

पण सरांचा आणि टाळांचा छत्तीसचा आकडा. पोलादपुरात अडतीस वर्षं दवाखाना चालवलेला उंच, काटकुळा माणूस. पेशंटच्या दंडाला गंडा दिसला की आधी त्याची खरडपट्टी काढायची आणि मग नाडी बघायची, ही त्यांची ख्याती. असे सर पहिल्या रविवारी महाडच्या एका शाळेत उभे राहिले आणि फळ्यावर एकच वाक्य लिहिलं : 'तुमचा जीव कशात अडकलाय?'

आम्ही अठरा डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागलो. हा प्रश्न आपल्याकडे कधी विचारतात ते सगळ्यांनाच ठाऊक. माणूस शेवटच्या घटका मोजत असतो, प्राण काही जात नाही, मग उशाशी कुजबुज सुरू होते. मुंबईच्या लेकाला बोलवा, शेतातली माती आणा, गाय दाखवा.

"म्हणजे उत्तर देता येत नाही, तेव्हाच आपण विचारतो," सर म्हणाले. "माणूस बोलता असताना विचारा. गोळ्या लिहून झाल्या की पेन खाली ठेवा आणि विचारा. सल्ला द्यायचा नाही. नुसतं ऐकायचं."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. वर्षापूर्वी त्यांच्या पत्नीला, गोदावरीबाईंना, अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. पाच दिवस त्या डोळ्यांनी काहीतरी मागत राहिल्या. सरांनी लेकीला, ईराला, पुण्याहून बोलावलं. माहेरच्या विहिरीचं पाणी पाजलं. लग्नातला शालू अंगावर घातला. प्रत्येक वेळी त्यांनी मान फिरवली, आणि तशाच गेल्या.

"चौतीस वर्षांचा संसार," सर म्हणाले, "आणि मला अंदाजसुद्धा करता येईना."

मला त्यांचा रागच आला. बायकोला एक प्रश्न विचारायला फळा आणि अठरा डॉक्टर लागतात?

तो राग फार टिकला नाही. महिन्यामागून महिने मी बघत होते. वर्ग सुटला, बटाटेवडे संपले, की हा माणूस जिन्यात कुणाला तरी गाठायचा आणि हळूच विचारायचा, "तुम्ही असता तर काय आणलं असतं हो तिच्यासाठी?" कुणी सांगे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, कुणी सांगे भावाचा फोटो. सर मान हलवायचे. जिचं उत्तर आता कधीच येणार नाही, तिला ते अजून विचारत होते.

गेल्या महिन्यात त्यांनी सरावासाठी खरी पेशंट आणली. बायजा. पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीतली, सत्तरीची, रक्तदाबाची. सरांच्या घरी तीस वर्षं तिचंच तूप. आमच्यातल्या आमोदने तिला प्रश्न विचारला.

"माजा? म्हशीत रे," बायजा म्हणाली. "ती दुसऱ्या कुनाला धारच काढू देत नाय."

आम्ही हसलो. आमोद लगेच उपाय सुचवायला लागला, तर सरांनी डोळे वटारले. बायजा मात्र सरांकडेच बघत होती.

"चांगला प्रश्न हाय, डाक्टर. वैनींना इचारलावता का?"

"नाही," सर म्हणाले.

"त्यांचा नवसात व्हता. त्या मोठ्या पुरानंतर चिखलात लोकं तपासून तुमाला लेप्टो झाला, मुंबईला नेलं, तवा बोलल्या आमच्या देवीला. ह्यांना उठव, जोडीनं चढून येईन, तुजी वटी भरीन."

सरांचा चेहरा मला बघवेना. "मग मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुमी नवसाला हसता. दर सालाला म्हनायच्या, जरा निवांत झाले का सांगते त्यांना."

"आणि तुम्ही, बायजाबाई? तुम्ही तरी सांगायचं!"

"मी खाली उतरले तवर वैनींना मसनात नेलंवतं. मागून सांगून तुमचा जीव कशाला जाळू? आन् इचारलंय कुनी मला?"

सर पहिल्या बाकावर, आमच्यातच येऊन बसले. पेशंटसारखे.

"बायजाबाई," शेवटी ते म्हणाले, "जोडीचा नवस एकट्यानं फिटतो का हो?"

दुसरं कुणी असतं तर धीर द्यायला हो म्हणालं असतं. मी म्हणाले असते.

"नाय फिटत," बायजा म्हणाली. "पन तुमी या."