हानाच्या किमोनोची दुमड

ऑकलंड विमानतळावर माझ्या थालीपिठाच्या भाजणीची कसून चौकशी झाली. मी पिंपरीची शिवणकाम करणारी बाई, माझ्याकडे लपवायला आहे काय! लेक शिल्पा न्यायला आली होती. हॅमिल्टनपर्यंत नुसती हिरवी कुरणं आणि गाई. माणूस औषधालाही दिसला नाही.

हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात शिल्पाचं घर. ती नर्स, त्यामुळे दिवसभर मी एकटीच. तिसऱ्या दिवशी शेजारची जपानी आजी ओनिगिरी (भाताचे मीठ लावलेले गोळे) घेऊन आली. मी थालीपीठ दिलं. भाषेवाचून आमचं छान जमलं.

रविवारी तिने आम्हा दोघींना घरी बोलावलं. तिची मुलगी दोन वर्षांपूर्वी वारली होती. आजारपणात तिने आपल्या लेकीसाठी, हानासाठी, किमोनो शिवून ठेवला होता. पोर वाढेल तसा उसवता यावा म्हणून खांद्यावर आणि कमरेत दुमड होती, आपण परकराला ठेवतो तशीच. आजी दोन दिवसांनी कायमची जपानला परतणार होती. हाना इथेच वडिलांपाशी राहणार. जाण्याआधी नातीला त्या किमोनोत एकदा डोळे भरून पाहावं, एवढीच तिची इच्छा. पण टाके उसवायला तिला नीट दिसत नव्हतं.

“त्यात काय एवढं!” म्हणत मी भराभर टाके उसवले आणि सवयीने दोरे केराच्या टोपलीत टाकले. आजी लगबगीने आली, गुडघ्यांवर बसून टोपलीतला एकेक दोरा चाचपत वेचू लागली. अगं बाई! त्या गेलेल्या पोरीच्या हातचे टाके होते ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारा वर्षांची हाना किमोनो घालून आली. सगळी दुमड सोडूनही तो घोट्याच्या वीतभर वर, मनगटं उघडी.

आजी बोलू लागली. हाना ते इंग्रजीत सांगे, शिल्पा मराठीत.

“माझ्या लहानपणी पोटभर खायला नव्हतं, मी एवढीशीच राहिले. मुलीला दूध-मांस मिळालं, ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाली. तिला वाटलं, आता आमच्या घराण्याची उंची एवढ्यावरच थांबली. स्वतःच्या मापावरून तिने अंदाज बांधला.”

“खाली पट्टी जोडून देऊ?” मी विचारलं.

आजीने नकारार्थी मान हलवली. तिला त्या किमोनोवर दुसऱ्या कुणाचा टाका नको होता.

“सॉरी, ओबाचान (आजी),” हाना म्हणाली, “मी हीप्स (खूपच) वाढले.” आणि रडायला लागली. बारा वर्षांची पोर वाढल्याबद्दल माफी मागत होती, आणि मला धड तिच्या पाठीवरून हातही फिरवता येईना.

आजीने तिला गुडघे मोडून बसवलं, तिचे हात बाह्यांत सारले. बसल्यावर कपडा पुरला. शिल्पाने फोटो काढला.

महिन्याभराने मी पिंपरीला परतले. गिऱ्हाइकं म्हणतात, “काकू, दुमड भरपूर ठेवा.” ठेवते. पण कुणी आईच्या हातचं उसवायला आणलं, की सांगते, “बाई, ते तुझं तूच कर.”