पाशामियाँचा वाटा

नळदुर्गच्या धाब्यावरचे आचारी पाशामियाँ घरी जेवायला बसले, की दालच्याचं पातेलं खरवडून निघायचं. वजन उतरवायला सोलापुरात ऑपरेशन केलं आणि पोट मुठीएवढं उरलं. आता बिबीजान घड्याळ बघून नवऱ्याला डाळीचं पाणी पाजायची. चार घोट घेतले की ते मान फिरवायचे. दीड महिन्यात जुना सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायला लागला.

डॉक्टरांचं सगळं ती पाळायची, पण चुलीपुढं तिचा हात आखडायचा नाही. त्यांच्या वाट्याचा दालचा-भात रोज शिजायचा, ताटही वाढून व्हायचं. जणू घरात दोन पाशामियाँ होते, एक घोटघोट पिणारे आणि एक ताटाची वाट बघणारे. मग भानावर येऊन ती ते ताट शेजारी द्यायची.

समोर नव्यानं राहायला आलेल्या शाहेदाबीला तिनं तिसऱ्या दिवशीही दारात बोलावून ताट दिलं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं शिजवून, त्यावर फातेहा देऊन वाटतात, तसंच हे शाहेदाबीला वाटलं. डोक्यावर पदर ओढून तिनं हळूच विचारलं, "कुणाच्या नावानं हाय, भाबी?"

"आमच्या ह्यांच्या," बिबीजान बोलून गेली.

जीभ चावून ती मागं वळली. पाशामियाँ उंबऱ्यात उभे होते, हातात वाटी. ते ताटाकडंच बघत राहिले.

"वाढ की अजून पळीभर," ते म्हणाले. "लई खायचा बिचारा."