नाकवाले

सहा टेबलांचा छोटासा वाइन बार होता तो. उघड्या विटांच्या भिंती, बेताचा उजेड, आणि खुर्च्या इतक्या लागून की शेजारच्याचं गुपित आपसूक कानावर पडे. तिथं गिऱ्हाइकांना वाइन निवडून देणाऱ्याला सगळे ‘नाकवाले’ म्हणत. बाटली उघडली की ग्लास नाकाशी धरून ते सांगत, ही बरी, ही बुचानं बिघडलेली. याचं नाक वर असलं तरी मी ऐकून घेतो, मालक हसत म्हणायचे, दुकान त्यावरच चाललंय.

नाकवाल्यांची पन्नाशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं. घरी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली आई. तिला पुसणं, कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं तेच करत आणि मग कामावर जात.

थंडीत त्यांना ताप आला. चार दिवसांनी उतरला, पण कॉफी उकळली तर नुसती गरम वाफ. वास गेला होता. येईल परत, म्हणून ते गप्प राहिले. फक्त ग्लास धुणाऱ्या मावशींना सांगितलं. मावशी बाटली हुंगायच्या; चांगली असली तर मान हलवायच्या, नाहीतर तोंड वाकडं करायच्या. बाकीचं आठवणीवर. महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही.

त्याच सुमारास आईच्या कमरेखाली जखम झाली. वर खपली धरलेली दिसे, म्हणून ते मलम लावून पट्टी बांधत राहिले. आईची वाचा गेलेली. ती कण्हायची, पण कण्हणं तर रोजचंच होतं. चौकशीला येणारी शेजारीण आता दारातूनच परत जायची, तेही त्यांनी मनावर घेतलं नाही.

एरवी दर आठवड्याला येणारी बहीण आपल्या मुलाच्या आजारपणामुळे तीन आठवडे आली नव्हती. ती आली आणि उंबऱ्यातच थबकली.

“दादा, कसला वास हा?”

“कसला?” त्यांनी विचारलं.

तिला वाटलं, हा वेड पांघरतोय. तिनंच पट्टी सोडली. खपलीखाली पार हाडापर्यंत सडलं होतं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस घरात कुणाला वास आला नाही? नवव्या दिवशी आई गेली.

मग त्यांनी मालकांना खरं सांगितलं. आधी बोलला असतास तरी मी तुला काढलं नसतं, मालक म्हणाले, माल मागवायला, माणसं शिकवायला तूच लागणार होतास.

बहिणीलाही सांगितलं. ती आईच्या चादरींच्या घड्या घालत होती.

“मला तरी सांगायचं होतंस.”

“नोकरी जाईल असं वाटलं.”

तिनं पुढची चादर घडी घालायला घेतली. ती अजूनही येते, पण महिन्यातून एकदाच. आल्या आल्या आधी सगळ्या खिडक्या उघडते. का, ते नाकवाले विचारत नाहीत.