लोर्नाने एकदाच विचारलं

लोर्ना स्टुपाक म्हणजे तोंडाची फटकळ बाई. ओहायोतल्या मुलांच्या एका इस्पितळात ती एकतीस वर्षं भूल विभागात तंत्रज्ञ होती. ज्या पोराच्या घशात श्वासाची नळी घालणं अवघड, त्याच्यासाठी बारीक कॅमेरा नि खास नळ्या ठेवलेली एक चाकांची गाडी होती. ती तिचा जीव की प्राण. नव्या डॉक्टरांना ती सुनवायची, "बाळांनो, आधी गाडी, मग शहाणपण."

या फटकळपणापायीच विभागाच्या साहेबिणीने तिला बोलावून झापलं. डॉक्टरांच्या कामात नाक खुपसू नका, नाहीतर नोकरी जाईल म्हणे.

त्याच आठवड्यात एमेट आला. सहा वर्षांचा, हनुवटी जन्मापासून इवलीशी, कानाचं ऑपरेशन होतं. भुलीचा वायू देणाऱ्या मुखवट्याला कुठला वास लावायचा हे तिथे पोरांनाच विचारतात.

"संत्र्याचा," तो लोर्नाला म्हणाला. "पण मागच्या वेळी तू फसवलंस. औषधाचाच वास होता."

"लबाडा, तेव्हा तू एक वर्षाचा होतास. तुला काय आठवतंय?"

"आई सांगते ना."

भूल देणारा डॉक्टर व्हिटलॉक भला माणूस. पण त्याने मागच्या ऑपरेशनचा जुना कागद वाचला: नळी सहज गेली. इवल्या हनुवटीची बरीच पोरं वयाबरोबर सुधारतात, तसंच हेही असेल असं त्याने धरलं. एमेटचा आजार निराळा होता. त्यात अंग वाढतं नि जबडा मागे राहतो, दर वर्षी वाट अवघड होत जाते. लोर्नाला हे पक्कं ठाऊक होतं.

"गाडी आत आणू का?" तिने विचारलं.

"कशाला, लोर्ना? कागद बघा की. उगाच पोर घाबरेल."

एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी ती गप्प बसली.

एमेट झोपला, आणि घसा मिटला. मुखवट्यातून हवा जाईना, नळी शिरेना. गाडी दुसऱ्या टोकाच्या खोलीत होती. साठीला टेकलेली ती बाई गुडघे विसरून धावली. गाडी आली, कॅमेऱ्याने नळीही गेली. पण तोवर फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी एमेट गेला.

चौकशीत व्हिटलॉकने खरं तेच लिहून दिलं: लोर्नाने विचारलं होतं, मी नको म्हणालो. तिच्यावर ठपका आला नाही. सगळे म्हणाले, सुटलीस बाई.

महिन्याभराने एमेटची आई, कॅरिस, कागदपत्रं न्यायला आली. लोर्नाला बघून तिने तिचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही धावलात, असं कळलं मला. तुमचे उपकार आहेत."

लोर्नाने हात सोडवून घेतले. "उपकार कसले, बाई. मला माहीत होतं, वाट अवघड झाली असणार. गाडी आणू का, असं मी एकदाच विचारलं. डॉक्टर नको म्हणाले, आणि मी नोकरीला भिऊन तोंड मिटलं."

कॅरिस रडली नाही, ओरडली नाही.

"मग पुन्हा विचारायचं होतंत ना," ती हळूच म्हणाली, आणि कागद घेऊन निघून गेली.