प्रेताला 'गा' म्हणणारी आई

कटंगीला कशाला गेलो विचाराल, तर एका रीलपायी. साडी नेसलेला म्हातारा मेलेल्या मुलापाशी टाहो फोडतोय, "ऊठ गा, बोल गा!" त्यावर हसण्याचा आवाज डकवलेला आणि खाली लिहिलेलं, 'मुर्दे को बोले, गा!' आमच्या वैदर्भी बोलीत 'गा' ही मायेची हाक, 'अरे'सारखी. हिंदीत वाढलेल्या पोरांना ते गाण्यातलं 'गा' वाटलं. माझं डोकंच फिरलं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, ही दंडार होते, पुरुषांनीच बायांची सोंगं घेऊन केलेलं लोकनाट्य; रील त्यातलंच. ती अख्खी बघायचीच, म्हणून नागपूरहून निघालो.

भंडाऱ्यावरून तुमसर, तिथून सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या कटंगीची बस. बस खिळखिळी आहे, घाई असेल तर येऊच नका. स्टँडवरचा आलुबोंडा-रस्सा मात्र चुकवू नका. पुढे दंडारीच्या गावापर्यंत ऑटो मिळतो. भाडं किरकोळ, पण मंडईच्या दिवशी लटकून जावं लागतं.

मांडवामागे रीलमधले तेच सुखदेवकाका कपाळाला कुंकू लावत बसले होते.

"पहिले बाया डोळ्याले पदर लावून रडत. आता हासून राह्यले," ते म्हणाले. मग हळूच, "आज 'गा' म्हणतच नाही. 'बेटा' म्हणतो. तेवढं तं समजन."

आणि खरंच म्हणाले, "ऊठ बेटा!" कोणी हसलं नाही, पण कोणी रडलंही नाही. मग मागून आरोळी आली, "काका, गा वाला करो!" मोबाइल वर झाले. "गा! गा! गा!" काकांनी मंडई भरवणाऱ्या कमिटीच्या अध्यक्षाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"ऊठ गा," काका म्हणाले आणि एकच हशा पिकला. तीनदा म्हणायला लावलं. पुढचं विलापाचं गाणं ऐकायला काही म्हाताऱ्या आणि मी, एवढेच उरलो. मला फार वाईट वाटलं.

"पुढच्या साली काय करता, काका?"

"पुढच्या साली पोरगा मरतच नाही," साडी सोडता सोडता ते म्हणाले. "उठून गाना म्हनते. कमिटीनं सांगतलं."

"अन् तुम्ही?"

"मी नाचतो त्याच्यासंग."

परतीच्या बसमध्ये कमिटीला मनातल्या मनात शिव्या घालत आलो. ते गाणं कानातून जात नव्हतं. सकाळी मुलाला शाळेसाठी उठवताना तोंडून आपसूक निघालं, "ऊठ गा."

तो पांघरुणातूनच खिदळला, "पप्पा, मुर्दे को बोले, गा!" आणि अंग ताठ करून पडून राहिला, मेल्यासारखा.