वरचा बर्फ कोसळलाच नाही

उत्तर काश्मीरमधली ती पोस्ट एका हिवाळ्यात आमच्या पलटणीकडे होती. मी नायक दाविद आढाव, आता रिटायर, सांगलीत राहतो. सेक्शन कमांडर होते हवालदार हणमंत नलवडे, रहिमतपूरचे. माझा बडी शिपाई विलास माने, तासगावकडचा. बडी म्हणजे काय, ते सिव्हिलमधल्या माणसाला सांगायचं तर दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. थंडीनं एकाच्या बोटांचा रंग बदलला तर ते आधी दुसऱ्याला कळतं. रविवारी कंपनीच्या मंदिरात विलास टाळ धरायचा आणि मी त्याच्या मागे उभा राहून भजन म्हणायचो. नाताळला मी प्रार्थना केली की सगळ्यात मोठं ‘आमेन’ त्याचं असायचं, तेही अर्ध्या प्रार्थनेतच.

रुटीन ठरलेलं होतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं, मग चहा, मग खालच्या पोस्टपर्यंत पेट्रोल, म्हणजे गस्त. त्या दिवशी आमचं आठजणांचं पेट्रोल दुपारी परत येत होतं. वरून बर्फ सुटला. आवाज फार मोठा नव्हता. बर्फ थांबला तेव्हा सातजण दिसले.

“विलास!” मी ओरडलो.

सगळे खोदायला लागलो, मी त्याचं नाव घेऊन ओरडतच होतो. नलवड्यांनी रेडिओ घेतला.

“एक जवान दबा है. खुदाई चालू. ओव्हर.”

पलीकडून कंपनी कमांडर बोलले, “ऊपर का स्लोप देखो. फैसला तुम्हारा. ओव्हर.”

वरच्या उतारावरच्या बर्फात लांब भेग पडली होती, तोही कधीही सुटला असता. नलवड्यांनी ती पाहिली.

“खोदणं बंद. सगळे मागं.”

“उस्ताद, पाच मिनिटं,” मी नलवड्यांना म्हणालो.

“दाविद, मागं. हुकूम हाय.”

त्यांनी दंडाला धरून मला मागे ओढलं. आम्ही खडकाआड थांबून वर बघत राहिलो. वरचा बर्फ कोसळला नाही. संध्याकाळी वारा सुटला, हवामान बिघडलं आणि आम्हाला पोस्टवर परतावं लागलं. पुढच्या आठवड्यात शोधपथकाला विलास सापडला. आम्ही खोदणं सोडलं होतं तिथून हातभर खाली. डॉक्टर म्हणाले, तो लगेच गेला असावा. त्या ‘असावा’नं माझी झोप उडवली.

पुढे नलवड्यांशी मी ड्यूटीपुरतंच बोललो. रिटायर झाल्यावर तेही संपलं. मग हळूहळू सगळ्यांशीच बोलणं आटलं. घरात मीठ दे, दार लाव, एवढंच. माझी बायको रूथ एकदा म्हणाली, “तुमी घरी आलासा खरं, पण त्या पोस्टवरनं खाली काय उतरला न्हाईसा.” तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

चर्चला जायचो, ते शिस्त म्हणून. प्रभूच्या प्रार्थनेत एक जागा येते, आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. तिथं मी तोंड मिटायचो. वरिष्ठांना कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता, मग देवाला कसा देणार?

एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं.

“आढाव, तुमचा आवाज परेडचा. तो बंद पडला की अख्ख्या चर्चला कळतंय.”

“खोटं बोलवत न्हाई, साहेब.”

“मग खरं करून या की. रहिमतपूर काय सरहद्दीपलीकडं हाय?”

त्या आठवड्यात मी देवाकडे रोज एकच मागणं मागितलं. क्षमेचं पुढचं पुढे, निदान त्या माणसाच्या दारापर्यंत मला ने. शनिवारी एसटीत बसलो.

नलवडे गोठ्यापुढं बसले होते. पार थकलेले. मला बघून उठून उभे राहिले.

“भांडायला आलास?”

“न्हाई.”

“मग?”

वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. “वरचा बर्फ पडला न्हाई, उस्ताद,” एवढंच तोंडातून निघालं.

ते परत खाली बसले. “न्हाई पडला. मी अजून वाट बघतोय रं. डोळं मिटलं की त्या भेगेकडं बघत बसतोय. एकदा पडू दे, म्हंजे मी सुटलो.”

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की हा माणूस सुखानं जेवतो, झोपतो. माझा राग तिथंच गेला. तो मी घालवला नाही, तेवढी ताकद माझ्यात नव्हती. ते काम देवानं केलं, असं मी मानतो.

“पडू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे,” मी म्हणालो. “माझ्याकडनं तुमी सुटलासा.”

नलवडे रडले. मीही रडलो. मग ते म्हणाले, “आता त्याच्या आईला सांगूया.”

विलासच्या आईकडे आम्ही दोघेही दर वर्षी जायचो, पण वेगवेगळ्या दिवशी, गाठ पडू नये म्हणून. खोदणं थांबवल्याचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हातारीला त्रास नको, अशी आम्ही आपापली समजूत घातली होती.

पुढच्या आठवड्यात दोघे मिळून तासगावला गेलो. आई शेडमध्ये बेदाण्याच्या काड्या काढत बसल्या होत्या. आम्हाला बरोबर बघून त्यांचा हात थांबला. नलवड्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भेग, हुकूम, हातभर अंतर, काहीच गाळलं नाही.

“खोदत किती जण हुतं?” आईंनी विचारलं.

“समदी, आई,” मी म्हणालो. “फावडी दोनच हुती. बाकीची हातानं.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “मला कुणी सांगितलंच न्हाई, बाबांनो. तुमी यायचासा, मान खाली घालून चहा प्यायचासा, जायचासा. मला वाटायचं, पोरगं मागं ऱ्हायलं आन् कुणाला कळलंबी न्हाई. एकटंच गेलं.”

अबोला आम्ही एकमेकांशी धरला होता आणि त्याची शिक्षा इतकी वर्षं ही बाई भोगत होती. मला लाज वाटली.

“एकटा न्हवता, आई,” नलवडे म्हणाले. “ह्यो दाविद त्याचं नाव घेऊन वरडत हुता. मी मागं वढंस्तोवर.”

“मोठ्यानं?”

“लय मोठ्यानं.”

“मग ऐकलं असंल त्यानं,” आई म्हणाल्या.